ख्रिस्ती घरातील प्रेम आणि शुश्रूषेचा वाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या भागातील वृत्तपत्रांत ख्रिस्ती समाजाविषयी जे काही छापून येते ते बहुधा नाताळच्या आठवड्यात येते, आणि त्यात चर्चची रोषणाई, गव्हाणीचा देखावा आणि केक यांपलीकडे फारसे काही नसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या समाजाचे घर आतून कसे चालते, तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे, थकलेल्या आईवडिलांचे आणि लहान मुलांचे कोण पाहते, याविषयी उघडपणे लिहायला हवे असे बरेच दिवस वाटत होते. मिरजेत परिचारिका म्हणून उमेदीची वर्षे घालवलेली आणि इथल्याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, लहानाची मोठी झालेली बाई या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. आमच्या घरांत प्रेमाविषयी बोलले पुष्कळ जाते. पण त्या प्रेमाचे जे रोजचे काम असते ते मी पाहिलेल्या बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडलेले असते, आणि ज्या शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, हवाला देऊन ते तिच्यावर टाकले जाते त्या शास्त्रात तसा आधार शोधूनही सापडत नाही.

मिरजेचे नाव रुग्णसेवेशी जोडले गेले ते डॉ. विल्यम वानलेस यांच्यामुळे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच्या भोवती परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी वेगळी व्यवस्था झाली. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आमच्या कितीतरी घरांतील आज्या, आत्या, मावश्या या वातावरणात नर्स झाल्या हे सर्वांना ठाऊक आहे. तितकेसे बोलले जात नाही ते आजोबांबद्दल. ते ड्रेसर होते, कंपाउंडर होते, वॉर्डबॉय होते. ज्या काळात कुष्ठरोग्याच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहत नव्हते त्या काळात ही माणसे त्यांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधत होती, परक्या रोग्याला अंघोळ घालत होती, भांडे देत होती आणि ते भांडे स्वतः उचलून नेत होती. म्हणूनच त्यांचे नातू जेव्हा मला सांगतात की, ‘सिस्टर, हे बाईमाणसाचे काम, आम्हाला जमत नाही,’ तेव्हा मला त्यांच्या आजोबांची आठवण करून द्यावीशी वाटते. पगारासाठी जे जमत होते ते आईसाठी का जमू नये, या प्रश्नाचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

पूर्वी हा भार एकाच बाईवर इतका का पडत नव्हता, याचे कारण आमच्या इतिहासात आहे. ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीला भावकी तुटल्याचे दुःख सोसावे लागले. रेव्ह. नारायण वामन टिळकांसारख्या नामवंत माणसाच्या घरातही ते चुकले नाही; 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाल्यानंतर पत्नी लक्ष्मीबाईंनी जवळपास पाच वर्षे त्यांच्यापासून दूर काढली, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने विचार करून घेतला. पुढे 1917 मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, त्याविषयी आमच्यात भाषणे होतात. परंतु त्याआधी त्यांचा मोडलेला संसार पुन्हा कसा सांधला गेला, त्यासाठी दोघांनी किती धीर धरला, हे कुटुंबाविषयी बोलताना अधिक सांगण्यासारखे आहे. सर्वांच्याच वाट्याला असा समेट आला नाही. ज्यांचे गाव तुटले, माहेर तुटले, त्यांना मंडळी हीच भावकी झाली. मिशन कंपाउंडमध्ये एका ओळीत बिऱ्हाडे असत. कोणाची बाई बाळंत झाली तर शेजारीण पेज घेऊन येई, कोणाचा म्हातारा आजारी पडला तर रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या लागत, आणि त्या पाळ्यांत पुरुषही बसत, कारण ज्यांना रात्रपाळीची सवय होती असे पुरुष तिथे घरोघरी होते.

आता ती बिऱ्हाडे पांगली आहेत. कोणी विश्रामबागेत सदनिका घेतली, कोणी कुपवाडकडे प्लॉट घेऊन घर बांधले, मुले पुण्यामुंबईला किंवा आखाती देशांत गेली. यात कोणाचाही दोष नाही; परिचारिकेची मुलगी परिचारिका होऊन परदेशात चांगल्या पगारावर काम करते याचा मला अभिमानच वाटतो. पण त्यामुळे मंडळीची भेट रविवारच्या दीड तासावर आली, आणि पूर्वी दहा घरांनी मिळून उचललेले काम आता बंद दाराआड एक सून किंवा एक अविवाहित मुलगी एकटी उचलते आहे.

हे काम म्हणजे नेमके काय, ते वाचकांना, विशेषतः पुरुष वाचकांना, थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीही. नाही तर माकडहाड, टाच आणि खुबा यांवर दाब राहून कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि एकदा जखम खोल गेली की ती भरून यायला महिने लागतात. पाठीवर निजवूनच भरवले तर घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते, म्हणून त्याला उशांच्या आधाराने बसते करून, एकेक चमचा, गिळल्याची खात्री करत भरवावे लागते. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली ठेवायची, वेळेवर रिकामी करायची. मधुमेह असेल तर तळपाय रोज पाहायचे, कारण तिथली संवेदना गेलेली असल्याने जखम झाल्याचे रोग्याला कळत नाही. यात कपडे, चादरी, औषधांच्या वेळा आणि उरलेल्या घराचा स्वयंपाक आलाच. आणि या सगळ्यापेक्षा जड असते ते रोग्याचे चिडणे. ज्याचे आयुष्य हुकूम सोडण्यात गेले त्याला दुसऱ्याच्या हाताने तोंड धुऊन घ्यावे लागते, तेव्हा तो ज्या हाताने तोंड धुतले जाते त्याच हातावर राग काढतो. रुग्णालयात आठ तासांनी माझी पाळी संपत असे आणि दुसरी सिस्टर येत असे. घरातल्या बाईची पाळी संपत नाही.

मंडळीच्या वतीने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, अशा घरी गृहभेटीला जातात. शास्त्रपाठ होतो, रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, चहा होतो. चहा ती बाईच करते, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी ती बहुधा स्वयंपाकघरात असते. गेले वर्षभर ती उपासनेला का आली नाही हे तिला कोणी विचारल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. उलट, ‘अलीकडे प्रार्थनेत कमी पडते’ असा शेरा मात्र महिला मंडळात ऐकला आहे.

आता शास्त्राविषयी. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील जो भाग आमच्याकडे विवाहविधीत वाचला जातो, त्यातील पत्नीने पतीच्या अधीन असावे हे वचन मंडपातील प्रत्येकाला तोंडपाठ असते. ते वचन बाविसावे आहे. त्याच्या आधीचे एकविसावे वचन सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगते, आणि वाचन पुष्कळदा त्याच्या पुढून सुरू होते. पत्नींना उद्देशून तिथे तीन वचने आहेत; पतींना उद्देशून पंचविसाव्या वचनापासून अध्याय संपेपर्यंत. त्यात पतीने पत्नीवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी, म्हणजे तिच्यासाठी स्वतःला द्यावे, आणि माणूस आपल्या देहाचे पोषण व जपणूक करतो तसे तिला जपावे, असे सांगितले आहे. पोषण आणि जपणूक ही कामे प्रेषिताने पतीकडे सोपवलेली आहेत. आमच्याकडे ती कधी आणि कोणत्या वाटेने पत्नीकडे गेली याचा शोध विद्वानांनी घ्यावा. मी एवढेच म्हणेन की पत्रात ती तिथे नाहीत. पुढच्याच अध्यायात मुलांना चिडीस आणू नका अशी आज्ञा आहे, आणि तीही बापांना उद्देशून आहे. मुलांचा गृहपाठ, ताप, शाळेतील भांडणे हे सर्व आईचे खाते आणि शिक्षा करणे तेवढे बापाचे खाते, अशी विभागणी करणाऱ्या घरांनी ते वचन सावकाश वाचावे.

सुनेसाठी बायबलमधील रूथचे उदाहरण देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. नव्या नवरीला उपदेश करताना तिचे नाव आले नाही असे लग्न विरळाच. रूथची निष्ठा थोर होती याबद्दल वाद नाही. पण तिची सासू नामी हिने आपल्या दोन्ही सुनांना माहेरी परत जाण्याची मोकळीक दिली होती, नुसती मोकळीक नव्हे तर आग्रह केला होता. अर्पा रडली आणि परत गेली, आणि शास्त्रात तिच्याविषयी निंदेचा एक शब्दही नाही. रूथ राहिली ती स्वतःच्या इच्छेने. जी मोकळीक सासूने दिली होती ती वगळून फक्त रूथचे राहणे सुनेपुढे ठेवणे हे अर्धेच वाचन झाले. पेत्राच्या घराचे उदाहरण मात्र कोणी घेत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू शिमोन (म्हणजेच पेत्र) आणि अंद्रिया यांच्या घरी जातो, तेव्हा शिमोनाची सासू तापाने पडलेली असते. म्हणजे प्रेषित पेत्राच्या घरात त्याच्या पत्नीची आई होती, आणि ती आजारी असल्याचे घरच्यांनी लगेच येशूच्या कानावर घातले. आमच्याकडे मुलीच्या घरी आईने राहणे अजूनही कमीपणाचे मानले जाते, जावई कुरकुरतो, नातेवाईक विचारतात की मुलगा मेला आहे का. ही रीत आम्ही आजूबाजूच्या समाजाकडून घेतली असेल. पेत्राकडून नक्कीच घेतलेली नाही.

एक गोष्ट मला अधिक स्पष्टपणे लिहावी लागते, आणि ती वाचून काही वडीलधारे रागावतील याची मला कल्पना आहे. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चच्या कारभार समितीत, उपवास-प्रार्थनेत, संजीवन सभांच्या तयारीत अत्यंत उत्साहाने वावरणारे, मिळकतीचा दशांश चर्चला चोख देणारे काही पुरुष मला माहीत आहेत, ज्यांना स्वतःच्या आईच्या रक्तदाबाची गोळी कोणत्या रंगाची आहे हे सांगता येणार नाही. मंडळीचे काम हे देवाचे काम आहे, घरचे काम बायको पाहते, असे त्यांचे उत्तर असते. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने नेमक्या याच उत्तरावर कोरडे ओढले आहेत. आईवडिलांना ज्याचा उपयोग झाला असता ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे जाहीर करून त्यांच्याविषयीच्या कर्तव्यातून मोकळे होण्याची जी सोय परूशी या यहुदी धर्मपंथाच्या लोकांनी करून ठेवली होती, तिला त्याने देवाचा शब्द रद्द करणे म्हटले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर याहून कडक भाषा आहे: जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे आणि तो अविश्वासी माणसापेक्षाही वाईट आहे. वधस्तंभावरून येशूने आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केल्याचा प्रसंग दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या वेदीवरून सांगितला जातो. त्या घटकेलाही आईची व्यवस्था लावण्याचे काम त्याला दुसऱ्या कोणावर सोडून देण्याजोगे वाटले नाही, एवढे तरी श्रोत्यांनी घरी न्यावे.

देशाचा कायदा या बाबतीत आमच्या रीतीपेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ आहे, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो आणि दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. त्या कायद्याने ‘अपत्ये’ म्हणून ज्यांच्यावर जबाबदारी टाकली आहे त्यांत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. दुसरीकडे, ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला 1925 चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी यांना सारखा हिस्सा देतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मिळकतीतही आणि जबाबदारीतही मुलगा व मुलगी सारखेच. प्रत्यक्षात बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करायची, भावाने घर घ्यायचे, आणि आईची चादर वहिनीने बदलायची. अर्थात निर्वाहखर्चाच्या हुकुमाने रुपये मिळतात, कूस बदलून मिळत नाही. म्हणून मी कोणाला न्यायाधिकरणाकडे जाण्याचा सल्ला देण्यासाठी हे लिहीत नाही. पण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने लाजेखातर ती वाट टाळू नये.

लाजेचा विषय निघाला म्हणून, जिथे मारहाण आहे अशा घरांविषयीही लिहिणे भाग आहे. ‘सोसून घे, प्रार्थना कर, देव त्याचे मन पालटेल’ असे बाईला सांगून परत पाठवण्याचे प्रकार आमच्या मंडळ्यांतही होतात. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे, आणि तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे नेण्यात मंडळीची अब्रू जात नाही. प्रार्थना करावी, जरूर करावी. तिला सुरक्षित जागी पोहोचवून मग करावी.

जे परगावी किंवा परदेशी आहेत त्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते पैसे पाठवतात, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात, आणि ब्युरोतून शुश्रूषेसाठी मावशी ठेवतात. मावशी ठेवणे वाईट नाही. अनेक घरे त्यामुळेच तरली आहेत. परंतु बारा तासांची ड्युटी करणाऱ्या त्या मावशीला आठवड्याची सुट्टी मिळते का, तिला कूस कशी बदलायची हे कोणी शिकवले आहे का, तिच्या स्वतःच्या घरी कोण आजारी आहे, याची चौकशी पैसे पाठवणाऱ्याने केली पाहिजे. आणि व्हिडिओ कॉलवर आईला ‘कशी आहेस’ विचारून झाल्यावर फोन जिच्या हातात आहे त्या वहिनीलाही तोच प्रश्न विचारावा. शिवाय वर्षातून जी सुट्टी मिळते तिच्यातले काही दिवस नातेवाइकांच्या जेवणावळींत न घालवता स्वतः आईच्या उशाशी राहून भावाला आणि वहिनीला कुठे तरी बाहेर पाठवले, तर त्याचे मोल पाठवलेल्या पैशांपेक्षा कमी ठरणार नाही.

मंडळ्यांनी काय करावे, याविषयी मला मोठ्या योजना सुचत नाहीत. लग्नाची घोषणा तीन रविवार वाचण्यापूर्वी पाळक वधूवरांशी बोलतात. त्या बैठकीत नवऱ्या मुलाला सरळ विचारावे की, तुझ्या आईला आणि हिच्या आईला गरज पडली तर तू स्वतः काय करणार आहेस. उत्तर वधूच्या समोर घ्यावे. गृहभेटीत रोग्याजवळ बसणाऱ्याने दहा मिनिटे शुश्रूषा करणाऱ्या बाईशी एकटीशी बोलावे, आणि चहा नको म्हणावे. तरुण संघातील दोन मुलांनी रविवारी सकाळी एखाद्या घरी दोन तास बसण्याची पाळी घेतली, तर त्या घरची बाई कित्येक महिन्यांनी चर्चमधील प्रभुभोजनाच्या विधीला येऊ शकेल. आमच्या घराघरांत जिन्याखाली हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर, चाकाची खुर्ची धूळ खात पडलेली असते. माणूस गेल्यावर ती वस्तू पाहवत नाही आणि टाकवतही नाही. ती चर्चच्या हॉलमध्ये आणून ठेवली आणि एक वही घातली, तर मंडळीतल्याच नव्हे, गल्लीतल्या कोणत्याही धर्माच्या माणसाला ती नेता येईल.

शेवटचे काम मी स्वतः अंगावर घ्यायला तयार आहे. मिरजेत निवृत्त परिचारिकांची वाण नाही, आणि माझ्या ओळखीच्या काहीजणींशी बोलून मी हे लिहीत आहे. कोणत्याही मंडळीने शनिवारी दुपारी हॉल उघडून एक पलंग आणि चार चादरी दिल्या, तर कूस बदलणे, बिछान्यात रोगी असताना चादर बदलणे, अंग पुसणे, बसवून भरवणे आणि पाठीला लचक न येऊ देता माणसाला खुर्चीत हलवणे, एवढे आम्ही विनामूल्य शिकवू. अट एकच आहे: शिकायला पुरुषांनी यावे. बायकांना हे येते.

हे पत्र सांगली, मिरज आणि सातारा भागातील पाळकांच्या व पास्टोरेट कमिट्यांच्या वाचनात यावे, यासाठी आपल्या दैनिकात त्यास जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मिरज